चौकोनी वणवा

"गुरुजी, वणवा चौकोनी कसा लागला?"

शमीमने हे विचारलं तेव्हा आम्ही खिंडीखालच्या दांडावर दम खात बसलो होतो. समोरचा उतार वाळलेल्या गवताने पिवळा पडला होता आणि त्यावर ठिकठिकाणी जळून काळे झालेले तुकडे दिसत होते. काही चटईएवढे, काही आमच्या शाळेतल्या वर्गाएवढे. वणव्याने डोंगराची काय दशा केली आहे बघा, असं मी नुकतंच मुलांना सांगितलं होतं. अकरा जणांनी माना हलवल्या होत्या. बारावी शमीम तांबोळी. तिने मान हलवली नव्हती.

"चौकोनी?" मी म्हणालो.

"ते बघा ना. कडा सरळ आहेत. पट्टीने आखल्यासारख्या."

"वणव्याला भूमितीत पैकीच्या पैकी!" दिनकर ओरडला आणि सगळे हसले. दिनकर आमच्या वर्गाचा मॉनिटर. त्याच्या आवाजापुढे घंटेची गरज पडत नसे.

मीही हसलो. "वाऱ्यामुळे होतं तसं," मी शमीमला सांगितलं. "वारा एकाच दिशेने वाहिला की आग रेषेत सरकते."

खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, असं म्हणता आलं असतं. पण माझ्यासमोर बारा मुलं होती आणि मी त्यांचा गुरुजी होतो.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली. मी संगमनेरला शिकवत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत सातवीची मुलं घेऊन दरवर्षी अकोले तालुक्यातल्या डोंगरात चार दिवस हिंडायचो. झाडं ओळखायची, पक्षी बघायचे, रात्री देवळात झोपायचं. त्या वर्षी लग्नाच्या तिथींमुळे शिबिर लांबलं आणि आम्ही निघालो तेव्हा महिना संपत आला होता. शेवटच्या दिवशी खिंड ओलांडून साबरवाडीच्या फाट्यावर उतरायचं आणि चारची एस.टी. धरायची, असं ठरलं होतं.

आदल्या संध्याकाळी मी वणव्याचा धडा घेतला होता. जंगलात आग दिसली तर पळायचं नाही, बघत उभं राहायचं नाही. हिरव्या फांदीने झोडपायची. जळणारं आणि न जळालेलं वेगळं करायचं. पाणी असेल तर कडेने ओतायचं. थोडा पालापाचोळा पेटवून प्रत्येकाकडून एकेकदा करूनही घेतलं होतं. मुलं खूश होती. मला हातांनी शिकवायला आवडतं. फळ्यावर लिहिलेलं पुसलं जातं, हातांनी केलेलं पुसलं जात नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

दांड उतरून आम्ही वळसा घेतला आणि दिनकर थबकला.

"गुरुजी, धूर!"

वाटेच्या वरच्या अंगाला, जिथे कारवीचं रान सुरू होत होतं, तिथून निळसर धूर निघत होता. ज्वाळा फार नव्हत्या. आग जमिनीलगत, धुमसत, हळूहळू खाली सरकत होती. पण हाताच्या अंतरावर रान होतं, आणि रान म्हणजे मे महिन्यातलं वाळलेलं रान. आसपास कोणी नव्हतं.

बारा तोंडं माझ्याकडे वळली. काल शिकवलेला धडा आज समोर उभा होता.

"दप्तरं खाली ठेवा," मी म्हणालो. "दोघादोघांच्या जोड्या. वाऱ्याकडे पाठ. चला!"

पोरं धावली. तिथे दोन हिरव्या फांद्या तोडून ठेवलेल्याच होत्या. दिनकरने त्यातली एक उचलली आणि झोडपायला सुरुवात केली. बाकीच्यांनी काठ्या घेतल्या, जळणारा थर उपसून बाजूला फेकला, ओंजळीओंजळीने माती मारली. उताराच्या कडेला पाण्याने भरलेले दोन हंडे होते, वर पळसाची पानं झाकलेली.

"गुरुजी," शमीम हंड्यापाशी उभी राहून म्हणाली, "हे हंडे इथे भरून कोणी ठेवलेत?"

"शमीम, प्रश्न नंतर! आधी ओत!"

तिने ओतले. एक, मग दुसरा. चर्रकन आवाज झाला आणि धुराचा लोट आमच्या तोंडावर आला.

तेवढ्यात खालच्या ओहळाच्या बाजूने एक बाई वर येताना दिसली. बरीच लांब होती. ती दोन्ही हात वर करून जोरजोराने हलवत होती. शब्द पोचत नव्हते.

"गुरुजी, त्या मदतीला बोलावतायत!" दिनकर म्हणाला.

मी खांद्यावरचा पंचा काढला आणि हवेत फिरवला. "आम्ही आहोत!" मी ओरडलो. "काळजी करू नका, आम्ही आहोत!" आणि मुलांना म्हणालो, "बघा, त्या बाईंचा जीव कसा कासावीस झालाय. आणखी जोर लावा!"

मुलांनी आणखी जोर लावला. बाई क्षणभर थांबली, मागे वळली, खाली ठेवलेले हंडे उचलले आणि चढू लागली.

वीसेक मिनिटांत आग विझली. मुलांची तोंडं काळी झाली होती आणि दात चमकत होते. मी एकेकाशी हात मिळवला. शमीमने मात्र उजवा हात मागे घेतला. तिची दोन बोटं भाजली होती. "काही नाही गुरुजी," ती म्हणाली आणि जमिनीकडे बघत राहिली. जळालेल्या तुकड्याच्या चारही बाजूंना हातभर रुंदीची पट्टी झाडून स्वच्छ केलेली होती. एक काडीसुद्धा नव्हती तिच्यावर. शमीम त्या पट्टीच्या कडेने डोळे फिरवत होती. एक कोपरा. दुसरा कोपरा. तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

तोवर बाई पोचली. पंचेचाळिशीची असेल. लुगड्याचा काष्टा मारलेला, डोक्यावर एक हंडा, कमरेवर दुसरा. चढ चढून छाती भात्यासारखी हलत होती, पण तिने हंडे खाली ठेवले नाहीत. तशीच उभी राहिली.

"घाबरू नका बाई," मी म्हणालो. "विझली. पोरांनी पूर्ण विझवली."

तिने त्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पोरांकडे, एकेकाकडे.

"पार विझली?" तिने विचारलं.

"पार!" दिनकर म्हणाला.

तिने हंडे उतरवले. पदराने तोंड पुसलं. पुढे होऊन वाकली आणि उपसलेल्या थराखाली हात घातला. हात वर आला तेव्हा त्यात ओलं शेण होतं.

वरच्या बाजूने कोणीतरी खाकरलं. एक म्हातारा काठी टेकत कारवीतून उतरत होता. डोक्याला मळकं मुंडासं, अंगात बंडी.

"बुधे, धूर का गं थांबला?" तो म्हणाला, आणि मग त्याला आम्ही दिसलो. बारा काळी तोंडं, विखुरलेला पाला, पालथे हंडे. "आरारारा!"

"मी सांगतो बाबा," मी पुढे झालो. "आग लागली होती. जवळपास कोणी दिसलं नाही, म्हणून..."

"मास्तर का तुमी?"

"हो."

"वाटलंच."

तो खाली बसला. काठीने एक चिखल झालेलं ढेकूळ उलटं केलं. "मास्तर, कोणाच्या घरात चूल पेटलेली दिसली, का आत शिरून पाणी वतता का?"

मला काही समजलं नाही. पण माझ्या मागे शमीमने श्वास आत घेतलेला मी ऐकला.

"राब हाये हा," म्हातारा म्हणाला. "भाताचं रोप करायची जागा. खाली शेण, त्याच्यावर झाडाचा तोडलेला पाला, त्याच्यावर गवत, वरून बारीक माती. वरल्या अंगानं पेटवायचा, म्हंजी सावकाश भाजत खाली येतो. जमीन भाजली का तणाचं बी मरतं. मंग त्या राखंत धान पेरायचं. तेच रोप पाऊस लागला का उपटून खाचरात लावायचं. राब भाजला नाय तर रोप नाय. रोप नाय तर भात नाय. झालं. येवढंच शिकलोय आमी."

मी मान वळवून समोरच्या उताराकडे पाहिलं. काळे चौकोन. वाडीतल्या एकेका घराचा एकेक.

"मी खाली झिऱ्यावर गेले व्हते," बुधाबाई म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती, म्हाताऱ्यालाच सांगत होती, जणू तिलाच जाब द्यायचा होता. "वारं फिराया लागलं म्हणून आणखी दोन हंडे आणाया. घटकाभर. दगडूबाबा, मी कधी राब सोडून जाते का?"

"नाय गं बाई. तुझं काय नाय त्यात."

"समद्यांचे चैतातच भाजून झाले," दगडूबाबा मला म्हणाले. "हिचाच राहिला. लेक अडली बाळंतपणात, महिनाभर ही तिला घेऊन दवाखान्यात व्हती. परवा आली."

"पण पुन्हा पेटवता येईल ना?" मी विचारलं. "उन्हात वाळलं की? दोन दिवसांत?"

"शेण वाळंल," बुधाबाई म्हणाली. "पण वर जाळू काय? पाला माघात तोडला व्हता. आईनाच्या झाडावर चढून मीच तोडला. आता झाडावर नवा पाला, वला. कोण तोडून देईल? आन रोहिणी लागल्या, पाऊस कवाबी यील." तिने आभाळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पश्चिमेला डोंगराच्या धारेवर ढग होते. सकाळपासून होते. सकाळी मी त्यांचे प्रकार मुलांना समजावून सांगितले होते.

दिनकर सर्वांत आधी भानावर आला. "गुरुजी, आपण पाला गोळा करू. रानात कितीतरी पडलाय!"

मी बुधाबाईकडे पाहिलं. दगडूबाबा म्हणाले, "करू द्या. पोरांचं मन राहील."

तासभर मुलं रानात फिरली. दप्तरं रिकामी करून त्यांत पाला भरला, सदऱ्यांचे ओचे केले. पण ते रान वाडीने हिवाळाभर झाडून नेलेलं होतं, हे मला फिरताना दिसलं. उरला होता तो काटक्याकुटक्यांचा आणि सांदीकोपऱ्यांतला पाला. पोरांनी तो वेचून वेचून आणला. ढीग बुधाबाईच्या गुडघ्यापर्यंत आला.

तिने तो एका कोपऱ्यावर नीट पसरला. हाताने थापला, वर थोडी माती टाकली. तिचा हात अगदी सवयीने चालत होता, भाकरी थापावी तसा. मग तिने काडी लावली.

पाला भडकला, सरसर जळला आणि संपला. तीन-चार मिनिटं लागली असतील. बुधाबाईने बोटाने राख बाजूला केली. खालचं शेण ओलंच होतं.

एका मुलीला रडू फुटलं, तर दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

"गुणाची लेकरं हायेत," बुधाबाई म्हणाली. मग तिचं लक्ष शमीमच्या हाताकडे गेलं. "बघू गं. पोळली व्हय?" शमीम हात देईना. बुधाबाईने तो ओढूनच घेतला, लुगड्याचा काठ टरकन फाडला, वर आणलेल्या हंड्यात बुडवला आणि दोन्ही बोटांभोवती गुंडाळला. "फुंकर घालीत राहा. फोड फोडू नगं."

"मी ओतले हंडे," शमीम म्हणाली.

"व्हय. दिसलं मला खालून."

"मी विचारलं होतं. हंडे कोणी ठेवलेत म्हणून."

बुधाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने फक्त गाठ मारली. पण दगडूबाबांनी पाहिलं.

मुलांच्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. ती मागायला धजत नव्हती, पण हंड्याकडे डोळे जात होते. बुधाबाईने स्वतःच ओंजळी धरायला सांगितल्या आणि हंडा कलता केला. बारा ओंजळी, दोनदा. एक हंडा संपला. झिऱ्यावर एक हंडा भरायला अर्धा तास बसावं लागतं, हे दगडूबाबांनी मला नंतर सांगितलं. मी प्यायलो नाही. न पिण्याने काय होणार होतं?

"मी काय करू शकतो?" मी दगडूबाबांना बाजूला घेऊन विचारलं. माझा हात खिशाकडे गेला होता.

"ते ठेवा, मास्तर. राब दुकानात मिळत नाय."

"मग?"

"मंग तुमी आता एस.टी. धरा. चारची गेली तर पोरं रस्त्यात पडतील."

मी बुधाबाईपुढे जाऊन उभा राहिलो. ती पोरांनी फेकलेला अर्धवट जळालेला पाला एकेक काडी करून गोळा करत होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"पोरांना रागवू नका, गुरुजी," ती मान वर न करता म्हणाली. "त्यांनी शिकवलं तेच केलं."

उतरताना आम्हाला बारापंधरा राब लागले. काही वाटेला इतके लागून होते, की राखेवर आमच्या पावलांचे ठसे उमटले असते. सकाळी आम्ही असेच तुडवत गेलो होतो. आता बारा पोरं एकामागे एक, कडेकडेने चालली.

जूनमध्ये शाळा उघडली. शमीम आठवीत गेली, पण मधल्या सुट्टीत ती माझ्या वर्गाच्या दाराशी यायची. "गुरुजी, त्यांचं रोप आलं असेल का?" मी म्हणायचो, बघून येतो. जुलैच्या शेवटच्या रविवारी मी एकटाच गेलो. जातोय हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

साबरवाडीची खाचरं पायऱ्यांसारखी उतरत होती आणि सगळ्यांत लावणी चालली होती. इरली पांघरलेल्या बायका ओळीने वाकलेल्या. बुधाबाईचा राब शोधायला मला विचारावं लागलं नाही. बाकीचे राब रोप उपटून मोकळे झाले होते. तिच्या राबावर गुडघाभर तण होतं, आणि त्यात कुठे कुठे पिवळी पडलेली भाताची काडी, बोटांवर मोजण्याएवढी. फक्त एका कोपऱ्यात, जिथे मुलांचा पाला जळला होता, तिथलं तण किंचित कमी होतं.

खाली तिची दोन खाचरं. एकात विरळ लावणी झालेली. दुसऱ्यात नुसतं पाणी.

ती दगडूबाबांच्या खाचरात लावत होती. मला पाहून सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवला.

"गुरुजी! त्या पोरीची बोटं बरी झाली का?"

"झाली," मी म्हणालो.

"व्रण राहिला?"

"थोडा."

"पोरीच्या जातीला व्रण नको," ती म्हणाली आणि परत वाकली.

एका खाचरापुरतं रोप शेजाऱ्यांच्या उरलेल्या मुठींतून निघालं, हे तिने लावता लावताच सांगितलं. ज्यांनी मुठी दिल्या, त्यांच्या लावणीला आता ती जात होती. आज दगडूबाबांकडे, उद्या आणखी कोणाकडे. दुसऱ्या खाचराचं मी विचारलं नाही.

मी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि खाचरात उतरलो. एक मूठ घेतली. दोन-दोन काड्या सुट्या करून चिखलात खोचू लागलो. दहा-पंधरा लावल्या असतील, तोच मागून हशा पिकला.

"मास्तर, मागं बघा! तुमचं भात पवाया लागलं!"

मी वळलो. माझ्या सगळ्या काड्या आडव्या होऊन पाण्यावर तरंगत होत्या. बायका इरल्यांखाली हसत होत्या. बुधाबाईही हसली. मग ती माझ्या मागे आली आणि एकेक काडी उचलून, अंगठ्याने दाबून, पुन्हा लावत गेली. मी लावायचं थांबवलं. तरी तिला माझी ओळ पूर्ण करायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपली आणि शमीम दाराशी उभी होती. पावसाने तिची वेणी ओली झाली होती.

"गेला होतात ना गुरुजी?"

"हो."

"रोप आलं त्यांचं?"

तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर नवी गुलाबी कातडी होती, गुळगुळीत, रेषा नसलेली.

"आलं," मी म्हणालो.

"चांगलं आलं?"

"चांगलं."

"दोन्ही खाचरं लावून झाली?"

"झाली."

शमीम माझ्या पायांकडे बघत होती. नखांत साबरवाडीचा चिखल अडकला होता, तो घासूनही निघाला नव्हता. मी पाय मागे घेतले. मला वाटलं, आता ती विचारील. तिच्याकडे एका उत्तरावर दुसरा प्रश्न नेहमीच तयार असे.

"बरं," ती म्हणाली, आणि वर्गाकडे निघून गेली.

ती आणखी तीन वर्षं आमच्या शाळेत होती. पुढे कधी माझ्या वर्गाच्या दाराशी आली नाही.